घोडा पडद्यावर पळेना: चित्रकला-अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

दहावीची परीक्षा संपली की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीवर पोरं यायला लागतात. बरोबर वडील, हातात मोबाईल, मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ. "सर, हे कुठलं सॉफ्टवेअर? मला हेच पायजे." मी विचारतो, काढणार काय? पोरगं वडिलांकडं बघतं, वडील माझ्याकडं. मग मी दुसरा प्रश्न टाकतो: काढलेलं शेवटी जाणार कुठं? फ्लेक्सवर, पुस्तकात, रीलमध्ये की मिरवणुकीतल्या एलईडी पडद्यावर? याचं उत्तर मिळेपर्यंत मी सॉफ्टवेअरचं नावसुद्धा काढत नाही. काही पालकांना तो शिष्टपणा वाटतो. वाटू दे.

व्हिडिओ बघून यंत्र घेणं

निपाणीच्या एका बाईंनी मुलीसाठी हप्त्यावर आयपॅड घेतला, कारण मुलीला प्रोक्रिएटच हवं होतं. प्रोक्रिएट उत्तम आहे, एकदाच पैसे द्यावे लागतात, पण ते चालतं फक्त आयपॅडवर. मुलीला पहिलं काम मिळालं ते एका दुकानाच्या लोगोचं. तिनं सुंदर काढला. दुकानदाराला तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि आठ फुटी बोर्डावरही हवा होता, आणि बोर्डावर त्याच्या कडा खवल्यांसारख्या दिसल्या. प्रोक्रिएटमध्ये चित्र ठिपक्यांचं बनतं, ताणलं की ठिपके दिसणारच. लोगोला रेषा गणितानं साठवणारं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे इंकस्केप किंवा कोरलड्रॉ. इंकस्केप फुकट आहे आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चाललं असतं. आयपॅडचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

"सगळ्यात मोठ्या साइजमध्ये काढून ठेवतो, नंतर बारीक करता येतं"

या एका वाक्यानं माझ्या जितक्या रात्री खाल्ल्या आहेत तितक्या डासांनीही नाही. त्यातली एक रात्र सविस्तर सांगतो.

वैशाखातली शिवजयंती आणि नंतरची चित्ररथांची मिरवणूक बेळगावकरांना नव्यानं सांगायला नको. मिरवणूक परवावर आलेली. रात्री साडेनऊला खानापूरकडच्या एका पोराचा फोन. माझ्याकडं सहा महिने शिकून गेलेला, हात चांगला, धीर कमी. त्याच्या मंडळाच्या चित्ररथावर मागं एलईडी पडदा, त्यावर महाराजांची घोडदौड, वीस सेकंदांचा तुकडा रात्रभर फिरता ठेवायचा. काम अंगावर घेऊन याला तीन आठवडे झालेले.

"सर, फाईल उघडंना झालीय."

"कुठल्या सॉफ्टवेअरात केलास?"

"क्रितात. पण मी सगळं ४के मध्ये केलोय की सर. चोवीस फ्रेमनं."

"पडदा केवढा आहे विचारलास काय?"

थोडा वेळ शांतता. "विचारलो नाही."

त्याला लॅपटॉप घेऊन बोलावलं. रॅम ८ जीबी. फाईल उघडायला अकरा मिनिटं, प्ले दाबलं की घोडा चार पावलं टाकून थिजतो, पाचव्याला सॉफ्टवेअर आपोआप बंद. पोरगं क्रिताला शिव्या घालत होतं. क्रिताचा काय दोष? वहीवर हिशेब मांडून दाखवला. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर पूर्ण रंगवलेली एक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एक चित्र, होते ३३ एमबीची. सेकंदाला चोवीसच्या हिशेबानं वीस सेकंदांना फ्रेमा ४८०. म्हणजे एकाच लेयरला, चित्राच्या एका थराला, जवळजवळ १६ जीबी, आणि याचे लेयर पाच. सॉफ्टवेअर दाबून-दुमडून, रिकामी जागा वगळून बरंच वाचवतं हे खरं, पण आठच्या पोत्यात ऐंशी किती दाबणार?

मग पडदेवाल्याला फोन लावला. तो जेवत होता, तरी नीट बोलला. पडदा ३.२ मीटर रुंद, १.९२ मीटर उंच, पॅनेल पी-४. पी-४ म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर ४ मिलीमीटर. भागाकार करा: आडवे दिवे ८००, उभे ४८०. बस्स. ८३ लाख ठिपक्यांचं चित्र पावणेचार लाख दिव्यांवर दाखवायला पोरगं तीन आठवडे जागलं होतं. वर आकाराचं प्रमाणही चुकलेलं. याचं चित्र सोळास नऊ, पडदा पाचास तीन. पडदा भरायला जावं तर दोन्ही बाजू कापून भाल्याचं टोक आणि घोड्याची शेपटी गायब, दाबून बसवावं तर घोड्याचा उंट.

याची १९० चित्रं झाली होती. मी त्यातली सहा निवडली. घोड्याची एक झेप बारा फ्रेमांत बसते. प्रत्येक चित्र दोन-दोन फ्रेमा धरलं की सहा चित्रांत झेप पुरी होते, आणि वीस सेकंदांत तीच झेप चाळीस वेळा. घोडा जागच्या जागी धावतो, पळतात ते मागचे डोंगर. डोंगरांची एक लांब पट्टी, पुढच्या झाडांची दुसरी. डोंगर सावकाश सरकवायचे, झाडं भरभर. पट्टीचा शेवट तिच्या सुरुवातीला बिनजोड जुळला पाहिजे, नाहीतर दर फेरीला डोंगर दचकतो. हे सगळं १६०० बाय ९६० वर केलं, म्हणजे पडद्याच्या बरोबर दुप्पट. बारीक करायला तेवढं मोठं पुरतं.

जुळवणी ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. मूळचं हे इटालियन टून्झ. जपानच्या स्टुडिओ जिब्ली या अ‍ॅनिमेशन कंपनीनं वापरलेलं, २०१६ च्या मार्चमध्ये सगळ्यांना फुकट खुलं झालं. पहिल्यांदा उघडलं तर गिरणीच्या स्विचबोर्डासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून नवशिके पाच मिनिटांत पळ काढतात. पण त्याच्या एक्सशीटमध्ये, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र हे मांडायच्या तक्त्यात, तेच चित्र चाळीस वेळा मांडायला नवी जागा लागत नाही. क्रितातही ५.० पासून क्लोन फ्रेम, म्हणजे एकाच चित्राच्या जोडलेल्या नकला, आहेत, तिथंही हे जमलं असतं. मला एक्सशीटची सवय, एवढंच.

पहाटे साडेतीनला व्हिडिओ तयार झाला. पोरानं तीनदा पाहिला आणि म्हणालं, "सर, मग मी तीन आठवडे काय केलो?" मी चहा टाकायला उठलो.

तेव्हापासून माझी सवय अशी: कॅनव्हास उघडण्याआधी पडदेवाल्याला किंवा छपाईवाल्याला फोन. छपाईचा हिशेबही तसाच. पुस्तकासाठी ए-४ चं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, २४८० बाय ३५०८, हे बरोबर. पण हाच ३०० चा मंत्र दहा बाय सहा फुटांच्या फ्लेक्सला लावाल तर कॅनव्हास ३६,००० बाय २१,६०० चा होतो आणि एकेक लेयर तीन जीबीचा. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतो. प्रोक्रिएटमध्ये तर कॅनव्हास जेवढा मोठा तेवढे लेयर कमी मिळतात. "लेयर वाढवूनच देईना की ते" ही तक्रार आली की मी आधी कॅनव्हासचा आकार विचारतो.

रंगाचंही सांगून टाकतो. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा फ्लेक्सवर विटकरी येतो, कारण स्क्रीन उजेडाची आणि छपाई शाईची. दुकानदाराशी भांडू नका. आधी अर्ध्या फुटाची पट्टी छापून मागा, तेवढी कुणीही छापून देतो.

एकेका ओळीच्या चुका

सीनियरकडून पेन ड्राइव्हवर आणलेलं क्रॅक सॉफ्टवेअर: माझ्या खोलीत तो पेन ड्राइव्ह लावायचा नाही, विषय संपला.

क्लिप स्टुडिओ पेंट अ‍ॅनिमेशनसाठी घेताना 'प्रो' घेणं: त्यात २४ च फ्रेमा मिळतात, म्हणजे बाराच्या वेगानं दोन सेकंद. जास्त हवं तर 'ईएक्स' लागतं.

जुना फ्लॅश शिकवणाऱ्या क्लासला फी भरणं: फ्लॅशचं नाव २०१६ मध्येच अ‍ॅनिमेट झालं आणि फ्लॅश प्लेअर २०२० च्या ३१ डिसेंबरला बंद पडला. तरी आपल्याकडच्या एका क्लासात गेल्या वर्षापर्यंत पोरं फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाईल काढत होती.

मोबाईलला कमी लेखणं: आयबिसपेंट आणि फ्लिपाक्लिपवर हात बसलेली पोरं माझ्याकडं लवकर पुढं जातात. फक्त पहिल्या दिवसापासून लेयरसकट फाईल ठेवायची सवय लावा, नुसती जेपीजी नको.

दोन महिन्यांत सहा सॉफ्टवेअरं बदलणं: यांच्यासाठी माझ्याकडं बटाट्याचं पोतं आहे. अ‍ॅनिमेशन शिकणारे पिठाचं पोतं उडी मारताना काढतात. इथल्या पोरांना बटाट्याचं जवळचं. एकाच सॉफ्टवेअरमध्ये पोत्याची उडी, पोत्याची आळसावलेली चाल आणि पोतं रागावलेलं, तीन तुकडे पुरे करून आणा, मग दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलू. निम्मे परत येत नाहीत. आले ते पेन्सिल२डीसारख्या साध्या सॉफ्टवेअरवरसुद्धा खूश असतात.

करंट जाणं: क्रितात कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की दरवेळी नव्या क्रमांकाची फाईल सेव्ह होते. मी चहाच्या प्रत्येक कपाला दाबतो.

पेन दाबला तरी रेघ सारखीच

पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो, पोरं ते काढून दुसरं टाकतात, तिथंही तेच. दहातल्या आठ वेळा गोंधळ ड्रायव्हरचा, म्हणजे चित्र काढायच्या पेन-टॅब्लेटची कॉम्प्युटरशी गाठ घालणाऱ्या प्रोग्रामचा असतो. आधी एका कंपनीचा टॅब्लेट होता, मग दुसऱ्या कंपनीचा घेतला, आणि जुन्याचा ड्रायव्हर तसाच आत. तो पुरता काढा, कॉम्प्युटर बंद-चालू करा, मग नवा टाका. तरी दाब कळेना तर क्रिताच्या सेटिंगमध्ये टॅब्लेटच्या पानावर विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. जो निवडलेला असेल त्याच्या उलटा निवडा आणि क्रिता पुन्हा उघडा.

वर्तुळ काढल्यावर अंडं येत असेल तर हात बिघडलेला नाही. टॅब्लेटच्या पाटीची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नाही. ड्रायव्हरमध्ये पाटीचा वापरायचा भाग स्क्रीनच्या प्रमाणात कापून घ्या. एका मुलीनं यापायी महिनाभर चेहरे रुंद काढले आणि तीच तिची शैली समजून आम्ही सगळे कौतुक करत राहिलो. त्यात मीही होतो.

अक्षरांची मोडतोड

ही माझी दुसरी दुखरी नस. माझे वडील ब्रशनं बोर्ड रंगवायचे. 'विठ्ठल' लिहिताना ठ खाली ठ बसवायला त्यांना खडूची आखणी लागत नसे. आज पोरगं सॉफ्टवेअरमध्ये 'विठ्ठल' टाइप करतं, पहिली वेलांटी व च्या पलीकडं जाऊन बसते, ठ चा पाय मोडलेला, आणि पोरगं तसंच छापायला देतं!

चित्राचं सॉफ्टवेअर निवडताना त्याला देवनागरी येते का हे कुणी तपासत नाही. 'श्री विठ्ठल', 'दुर्गा', 'तऱ्हा' हे तीन शब्द नव्या कॅनव्हासवर लिहून बघा, मिनिटात कळतं. फोटोशॉपमध्ये मोडत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्तीत तिथंच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असा पर्याय असतो. बाकी कुठं मोडत असेल तर मी भांडत बसत नाही, अक्षरं इंकस्केपमध्ये करून चित्र म्हणून आणतो.

आपल्याकडं दुहेरी काम. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा २०२४ च्या दुरुस्तीनंतरचा कर्नाटकातला कायदा. त्यावरच्या वादासाठी इथं जागा नाही, पण कन्नड अक्षर तरी मोडू नये. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, खाली बसतो. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही तर तो शेजारी येऊन उभा राहतो आणि मराठी पोराला चूक दिसतही नाही. माझ्या गल्लीतल्या कन्नड मास्तरांना मी प्रत्येक पाटी दाखवतो. ते चष्मा लावून दहा सेकंद बघतात आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

आणि फाईल छपाईच्या दुकानात देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे टाइपाच्या नुसत्या रेषा करून, द्या. श्रीलिपीत किंवा नुडीत केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. पण त्याआधी कर्व्ह न केलेली एक प्रत वेगळी ठेवा, कारण अध्यक्षांचं नाव शेवटच्या तासाला बदलतंच.

मिरवणुकीला जाणारी फाईल असेल तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे का बघा. बरेच पडद्याचे प्लेअर तोच वाचतात, आणि त्यावर एकेक फाईल ४ जीबीच्या आतच लागते. मी दोन पेन ड्राइव्ह करतो. एक पडदेवाल्याकडं, दुसरा चित्ररथाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या खिशात. मिरवणुकीत बाकी कुणीही कुठंही गायब होतं, तो जागेवर असतो.