कोकणात घरगुती मुक्कामाला जाताय? या चुका टाळा

दुपारी दीड वाजता दारात गाडी लावायची आणि ‘सहा ताटं वाढा’ म्हणायचं, ही पहिली चूक. घरगुती मुक्कामात माणसं मोजून मासळी आणतात, नारळ त्याच दिवशी खवतात. कोंबडी-वड्यांचं पीठ आदल्या रात्रीच भिजवलेलं असतं. ते दुपारी मळलं तर वडे फुगत नाहीत, कडक होतात. मोदकांचंही तसंच. उकड गार झाली की पारीला चिरा पडतात, म्हणून ‘लागले तर सांगतो’ चालत नाही, आकडाच लागतो. आदल्या संध्याकाळी सहाच्या आत फोन करा. माणसं किती, शाकाहारी किती, मुलांना तिखट कमी हवं का आणि पोचणार किती वाजता, एवढं सांगितलं की पुरे. घाटात अडकलात तर तिथूनही कळवा.

जून-जुलैत ताज्या पापलेटचा हट्ट नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा मिळतं ते बर्फातलं. त्यापेक्षा सुकटीची चटणी, सुक्या बोंबलांचं कालवण किंवा खाडीतली मासळी मागा.

आता सगळ्यात मोठी चूक: गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत नेणं. पौर्णिमा-अमावास्येला गाडी रुतण्याचा प्रकार हमखास घडतो आणि त्याला कारण आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. पौर्णिमेला आणि अमावास्येलाही पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी समुद्राकडे खूप मागे हटतं, पुळण मैदानासारखी रुंद आणि टणक दिसते. फोटोसाठी गाडी थेट पाण्याच्या कडेला जाते. तिथे वाळूखाली पाणी असतं. गाडी उभी राहिली की चाकं बसतात. मग घाबरून ॲक्सिलरेटर दाबला जातो, चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात आणि गाडीचं पोट वाळूला टेकतं. अंधार पडेपर्यंत धक्के मारण्यात वेळ जातो, तोवर पाणी परत फिरलेलं असतं. आठ-नऊपर्यंत ते दाराला लागतं. खारं पाणी ब्रेकमध्ये, वायरिंगमध्ये शिरलं की गाडी बाहेर निघूनही पुढे महिनोन्‌महिने दुखणी काढते.

अडकलातच तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा. सगळ्यांना उतरवा. चाकांच्या मागची वाळू हाताने काढून तिथे झावळ्या किंवा गाडीतले पायपोस घाला. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा आणि आलेल्या चाकोरीतूनच सावकाश मागे या. ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली तर ओढायचा हूक हाताशी ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो डिकीतल्या जॅकजवळ असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आट्यांवर बसवायचा असतो. हे ठाऊक नसलं की दोर भलत्याच ठिकाणी बांधला जातो आणि काहीतरी वाकतं. रस्त्यावर आल्यावर हवा भरा, गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

खरं तर हे शिकायची वेळच येऊ नये. ‘पाचच मिनिटं, लगेच बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांच्याच गाड्या अडकतात. शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. वरून चाक गेलं की घरटं दबतं. गाडी सुरूच्या बनाअलीकडे ठेवा आणि चालत जा.

‘रेल्वेने दापोलीला उतरतो’ असं ठरवू नका. दापोलीला स्टेशन नाही, खेडला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, जुन्या तिकिटावरची वेळ धरून निघू नका.

नकाशा दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ रस्ता सरळ दाखवत असला तरी मध्ये खाडी आहे. गाडी फेरीबोटीतून न्यायची असते. शेवटची फेरी किती वाजता, हे घरमालकांना विचारूनच निघा.

आणि निघताना सोलकढी बाटलीत भरून मागू नका. नारळाचं दूध गरम गाडीत काही तासांत आंबतं. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस न्या. घरी एक वाटी घट्ट आणि दोन वाट्या पातळ नारळाच्या दुधाला दोन-तीन चमचे आगळ, ठेचलेली लसूण आणि मिरची घाला. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ चव घेऊनच. आणि गरम करू नका, फुटते.