थर्माकोल कापायची तार: चार ओहमचा हिशोब

थर्माकोल करवतीने कापला की दाणे घरभर उडतात आणि आठवडाभर केरात सापडत राहतात. तापलेली नायक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार तोच तुकडा आवाज न करता, गुळगुळीत कापते. मखराचा विचार मात्र डोक्यातून काढा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. आर्किटेक्चरची मॉडेलं, रेडिओ-कंट्रोल विमानांचे पंख, टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या ठोकळ्यांचा पुनर्वापर, अशा कामांना हा कटर उपयोगी पडतो.

तार नायक्रोम ८०/२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) घ्या, २८ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप), म्हणजे सुमारे ०.३८ मि.मी. जाडीची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत मागताना ‘एसडब्ल्यूजी’ हे स्पष्ट सांगा. ऑनलाइन मिळणारी तार बऱ्याचदा एडब्ल्यूजी या अमेरिकन मापाची असते आणि २८ एडब्ल्यूजी भरते ०.३२ मि.मी. आकडा एकच, पण रोधात (रेझिस्टन्समध्ये) तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक. आपल्या तारेचा रोध मीटरला साधारण ९.८ ओहम, म्हणजे ४० से.मी.च्या कटरला ३.९ ओहम. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

१२ व्होल्ट थेट जोडले तर १२ भागिले ३.९, म्हणजे ३ अँपिअरच्या वर करंट वाहतो. तार लालसर होते, थर्माकोल वितळायच्या ऐवजी जळतो आणि खोलीत उग्र वास भरतो. कापायला दीड ते दोन अँपिअर पुरतात. बरेच जण इथे व्होल्टेज कमी करून थांबतात आणि फसतात. समजा ८ व्होल्टवर सगळं छान चाललंय. एक दिवस तार तुटते, उरलेली २० से.मी. पुन्हा ताणून बसवली जाते. रोध निम्मा झाला, करंट दुप्पट, ४ अँपिअर. तार क्षणात लाल. म्हणून व्होल्टेज नव्हे, करंट बांधून घ्यायचा, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. तो बांधला की तार लांब असो वा आखूड, प्रत्येक सेंटीमीटर तेवढाच तापतो.

यासाठी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (मेनच्या विजेपासून १२ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय) आणि त्यापुढे एक्सएल ४०१५ चिपचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा बोर्ड लागतो. बोर्ड दोन स्क्रूवालाच मागा, एक व्होल्टेजचा, दुसरा करंटचा. एका स्क्रूच्या स्वस्त बोर्डावर करंट बांधता येत नाही. आउटपुटला ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट, जोडणीला १ चौ.मि.मी.ची तांब्याची वायर. एसएमपीएस आणि बोर्ड यांच्यामध्ये दाबून धरलं तरच चालू राहणारं बटण, किमान ३ अँपिअर डीसीचं. हात सुटला की तार थंड, यापेक्षा चांगली सुरक्षा नाही.

पंख्याचा रेग्युलेटर लावून २३० व्होल्टवर तार तापवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. रेग्युलेटर तीव्रता कमी करतो, मेनपासून वेगळं करत नाही. उघड्या तारेला बोट लागलं तर ते मेनलाच लागतं. पत्र्याच्या एसएमपीएसची मेनची टर्मिनलं झाकून घ्या, बॉडीला अर्थिंग द्या आणि तीन पिनांचाच प्लग वापरा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेलही नकोत. शॉर्ट झाले तर ते फ्यूजची वाट पाहत बसत नाहीत.

चौकट सुताराच्या जुन्या एच-आकाराच्या करवतीसारखी करा: मध्ये आडवी पट्टी, दोन बाजूंना २५ से.मी.चे हात, खाली तार, वर स्प्रिंग. तापल्यावर ४० से.मी. तार एक मि.मी.च्या आसपास वाढते, ताण नसेल तर मध्येच झोळ पडून काप वाकडा येतो. स्प्रिंगमधून करंट जाऊ देऊ नका. तापली की तिचा ताण जातो. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, तेव्हा तार पितळी स्क्रू आणि दोन वॉशरांमध्ये दाबायची, नाहीतर चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये.

आता सेटिंग. तार न जोडता करंटचा स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवत शेवटापर्यंत न्या. हे स्क्रू वीसेक फेरे घेतात, घाई नको. व्होल्टेज १० वर आणा. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर सरळ आउटपुटच्या दोन टोकांना लावा आणि करंटचा स्क्रू हळूहळू वाढवत १.५ अँपिअरवर थांबा. दहा सेकंदांत आटपा, त्या भोकाला जास्त वेळ करंट झेपत नाही. काम झालं की लाल पिन आधी जागेवर लावा. ती तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर नव्हे, शॉर्ट जोडलेला असतो.

तारेचा रोध मोजतानाही एक ग्यानबाची मेख आहे. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध ०.३-०.४ ओहम असू शकतो. चार ओहममध्ये ही दहा टक्के चूक झाली. आधी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून आकडा पाहा, मग तो वजा करा. अडीच ओहम दिसले तर तार कुठेतरी स्वतःलाच टेकली आहे. आठ दिसले तर स्क्रू ढिला आहे. दोन्ही वेळी बटण दाबायचं नाही.

कापताना तार ढकलू नका, ती आपल्या वेगाने चालते. मधला भाग मागे राहून कमान झाली तर करंट ०.१ ने वाढवा किंवा हात सावकाश करा. धूर दिसला तर कमी करा. तारेमागे केसासारखे तंतू निघत असतील तर तापमान बरोबर. मध्येच थांबलात की तिथे खड्डा पडतो. वळणदार कापासाठी दोन्ही बाजूंना सनमायकाचे साचे टाचण्यांनी लावा. काप तारेपेक्षा रुंद येतो, एखादा मि.मी. गृहीत धरा.

पांढरा थर्माकोल आणि निळी एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाणे नसलेला फोम), एवढंच कापा. सनबोर्ड (पाट्या आणि मॉडेलं करायचा फोमचा बोर्ड) पीव्हीसीचा असेल तर तापून हायड्रोजन क्लोराइड सोडतो. गादीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम जळला तर सायनाइडसुद्धा निघतं. चाळीतल्या खोलीत काम करायचं तर गॅलरीच्या दाराशी बसा, एक पंखा बाहेरच्या दिशेने लावा. वारा तारेवर आला तर ती थंड पडते. कापलेले तुकडे शेजारी रचू नका. थर्माकोल झटकन पेटतो आणि पेटता पेटता ठिबकतो. वाळूची बादली जवळ असू द्या.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेने पितळी स्क्रूवर हिरवा थर चढतो आणि तारेआधी सांधाच तापू लागतो. दर महिन्याला करंट चालू असताना स्क्रूपासून तारेपर्यंतचं व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट आला तर दीड अँपिअरला त्या एका सांध्यात पाऊण वॉट उष्णता जाते आहे. स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासा, वॉशर बदला, पुन्हा मोजा.