स्वसंरक्षणाचा क्लास लावण्याआधी पाव तास बघत बसा

मी डोंबिवलीत थेट तीन महिन्यांची फी भरली आणि हवेत ठोसे मारत काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, पाठ करत बसले. समोर माणूस कधी आलाच नाही. म्हणून सांगते, आधी बाकावर बसून बघा.

बघायचं एवढंच की जोडीदार खरा विरोध करतो का. मनगट धरताना तो बोटं सैल ठेवत असेल, तर ती कवायत झाली. त्याला म्हणा, "घट्ट धर, सोडू नकोस." पकड अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते, सुटका तिकडूनच. पण घामट हातांनी, ओढाताणीत ती जमते का, हे तेव्हाच कळतं.

ज्यूदोत अशा मोकळ्या झटापटीला रांदोरी म्हणतात. जिगोरो कानोंनी १८८२ साली ज्यूदो सुरू केला तेव्हापासून तिच्यावर मोठा भर. १९९३च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, सडपातळ रॉयस ग्रेसी जमिनीवरच्या पकडींनी जिंकला. रस्त्यावर मात्र खाली रेंगाळायचं नाही, दुसरा कोणी लाथ घालतो. पटकन उठायला शिकवणारा क्लास बघा.

क्राव मागाची (इस्रायलमधली स्वसंरक्षणाची पद्धत) पाटी दिसली आणि सर चाकू सहज हिसकावून दाखवत असतील, तर जोडीदाराच्या हाती चाकूऐवजी स्केचपेन द्या, स्वतः पांढरा टीशर्ट घाला. मिनिटभरानंतर माझ्या पोटावर सात रेघा होत्या! पळणं आधी शिकवणारे सर मला जास्त खरे वाटतात.

सध्या मी दोन दिवस बॉक्सिंग, एक दिवस ज्यूदो करते. आजवर कामी आलं ते ज्यूदोतलं पडणं: जुलैत स्टेशनच्या ओल्या जिन्यावर घसरले, हनुवटी आपसूक छातीला टेकली. डबा तेवढा फुटला.