तंबाखूवरचा कर वाढला की घरचा हिशेब कसा मांडायचा

या हिशेबाला लागतो एक रिकामा डबा, किराणा दुकानातला तराजू आणि सात दिवस. "रोज कितीची खाता?" असं विचारून वहीत लिहिलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी निघतो. माणसं खोटं बोलतात असं नाही. उधारीवर घेतलेली पुडी किराण्याच्या खात्यात मुरून जाते, मित्राच्या डबीतली चिमूट कुणी धरत नाही आणि सुनांसमोर सासूबाई मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) किती लागते ते सांगत नाहीत. म्हणून विचारू नका, मोजा.

रिकाम्या पुड्या आणि विडीबंडलांचे कागद आठवडाभर डब्यात टाकायला सांगा. मिश्रीची डबी सोमवारी सकाळी तोला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तोला. मध्ये भर घातली तर तीही तोलूनच. जत्रेचा किंवा लग्नाचा आठवडा धरू नका. विट्याच्या यंत्रमागावर किंवा बांधकामावर आठवड्याला पगार होत असेल तर पगाराचा दिवस त्या सात दिवसांत यायलाच हवा, कारण खरी खरेदी त्याच संध्याकाळी होते.

आठवडा संपला की किंमत नाही, ग्रॅमचा भाव काढा. पुडीवर निव्वळ वजन छापलेलं असतं. समजा 15 रुपयांची पुडी 10 ग्रॅमची होती आणि आता 15 लाच 8 ग्रॅम येते. भाव दीड रुपयावरून 1 रुपया 87 पैशांवर गेला, म्हणजे 25 टक्के वाढला, आणि गिऱ्हाईक म्हणतं "दर तोच आहे". विडीचंही तसंच: बंडलावरचे नग वाचा, बंडल मोजून भागत नाही.

आता कराचा वाटा. इथे बहुतेक जण चुकतात. 22 सप्टेंबर 2025 पासून विडी वळायच्या तेंदूपत्त्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर उतरला आणि 1 फेब्रुवारी 2026 पासून विडीवरचा 28 वरून 18 वर. सिगारेट आणि खायची तंबाखू मात्र त्याच 1 फेब्रुवारीपासून 40 टक्क्यांत गेली, त्यावर उत्पादन शुल्क वेगळं. पण 18 टक्के कर म्हणजे किमतीतले 18 टक्के नव्हेत. 100 रुपयांच्या मालावर 18 चढतात, गिऱ्हाईक 118 देतं आणि त्यात जीएसटीचा वाटा सव्वापंधरा टक्के भरतो. जागतिक आरोग्य संघटना किरकोळ किमतीत कर किमान 75 टक्के असावा असं सांगते. म्हणजे 25 रुपयांच्या मालावर 75 रुपये कर. विडी त्याच्या जवळपासही नाही. विडी हलकी असते हा समजही चुकीचा, धूर तोच आणि कर्करोगही तोच.

सिगारेट महागल्याची बातमी मोठी होते, पण आपल्याकडचा प्रश्न तोंडात आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. शिवाय आठवडी बाजारात सुटं पान विकत घेऊन घरी तव्यावर भाजून केलेल्या मिश्रीला ना वेष्टन ना बिल. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे जत-मिरजेकडे सीमेपलीकडून चोरून येणाऱ्या मालावर इथला कोणताच कर लागत नाही. म्हणून दरवाढीनंतर घरातली पुडी कमी झाली म्हणून लगेच खूश होऊ नका. मिश्रीची डबी, विडी, गुटखा, तिन्हींचे नग पुन्हा मोजा. एकातलं दुसऱ्यात गेलं असेल तर कमी काहीच झालेलं नाही.

दरवाढ घराला परवडली की नाही हे एका भागाकारात कळतं: जुना रोजचा खर्च भागिले नवी किंमत. समजा रोज 2 पुड्या, 15 रुपये दरानं, म्हणजे 30 रुपये. पुडी 20 ची झाली तर 30 भागिले 20, म्हणजे दीड. रोज दीड पुडीपेक्षा जास्त लागत असेल तर खाणं कमी होऊनही खर्च वाढलाय, आणि तो वाढीव खर्च डाळीतून, अंड्यांतून जातो. किंमत 10 टक्के वाढली की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप सरासरी 5 टक्के उतरतो, असा ढोबळ अंदाज आहे. 110 ला 0.95 नं गुणलं तर 104.5 येतात. म्हणजे थोडंसं कमी करणाऱ्याचा खर्च वाढतोच. कराचा खरा फायदा जो पुरतं सोडतो त्याला आणि जे पोर सुरूच करत नाही त्याला. गरिबावर बोजा पडतो ही तक्रार म्हणून अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं उत्तर कर माफ करण्यात नाही, सोडायला मदत मिळण्यात आहे.

दर वाढणार अशी कुणकुण लागली की दुकानदारही पुडक्यानं माल भरतात आणि गिऱ्हाईकंही. घरात साठा करू नका. साठा संपेपर्यंत जुनाच भाव चालतो आणि सोडण्याची वेळ हातची जाते. नवा दर लागला त्या आठवड्यातलीच तारीख ठरवा.

पहिले तीन दिवस सर्वांत जड. तलफ 5 ते 10 मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पाणी, बडीशेप, लवंग. सुपारी नको, तीही कर्करोगाला कारण होते. मिश्री सोडणाऱ्या बायका हमखास एका गोष्टीवर परत फिरतात: सकाळी पोट साफ होत नाही. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत जातो. कोमट पाणी, चालणं, भाकरीसोबत पालेभाजी वाढवा. दुसरी अडचण दाताची. मिश्रीनं ठणका दबलेला असतो आणि सोडल्यावर तो वर येतो, म्हणून दात आधी दाखवून घ्या. गरोदरपणात मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो, त्या घरात तारखेची वाट पाहू नका.

निकोटीनचं च्युइंगम घेतलं तर साध्या गोळीसारखं चघळू नका. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, असं साधारण अर्धा तास. आधी 15 मिनिटं चहा नको. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. 1800-11-2356 हा सोडण्यासाठी मदतीचा क्रमांक मोफत आहे आणि तो पाकिटांवरही छापलेला असतो.

वाचलेले पैसे वेगळे काढले नाहीत तर ते दिसतच नाहीत. रोजच्या 30 चे आठवड्याला 210 होतात. ते बचत गटात नेहमीच्या हप्त्यात मिसळू न देता वेगळ्या पानावर लिहा. तोंडही बघा: उभी तीन बोटं आत जात नसतील, किंवा दोन आठवडे न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर सरकारी रुग्णालयात दाखवा. महिन्यानं आणि पुन्हा तीन महिन्यांनी रिकाम्या पुड्यांचा तोच डबा काढा आणि सात दिवस मोजा.