डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकत कशी घ्यायची: नकाशा शोधण्यापासून सुनावणीपर्यंत, नाशिककरांसाठी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या दिवशी नकाशाचा अंधुक फोटो येतो, त्यावर लाल पेनाने गोल केलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "आपल्या मागच्या ग्राउंडचं आरक्षण उठतंय, सगळ्यांनी विरोध करा." आरक्षण म्हणजे ती जागा आराखड्यात मैदानासाठी राखून ठेवलेली असणं. दोन दिवस ग्रुप पेटलेला असतो, तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस येतो, आणि बघता बघता मुदत संपून जाते. आमच्याकडे इंदिरानगरच्या बाजूला एकदा जवळपास असंच झालं. मला त्याची अजून चुटपुट लागून आहे, कारण आमचं म्हणणं खरं होतं, फक्त ते जिथे आणि ज्या रूपात पोचायला हवं होतं तसं पोचलंच नाही. पुढच्या वेळी मात्र आम्ही सगळं नीट केलं. ते कसं केलं ते इथे लिहितोय, म्हणजे तुमची पहिली खेप वाया जायला नको.

सगळ्यात आधी, नेमकं काय निघालंय ते बघा

आपण सरसकट सगळ्यालाच "डीपी आला" म्हणतो, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी, ऐकणारा वेगळा. या सगळ्याच्या मुळाशी कायदा एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात.

पूर्ण शहराचा विकास आराखडा क्वचित येतो. नाशिकचा आधीचा १९९३चा, त्यानंतरचा सुधारित आराखडा मंजूर झाला थेट २०१७ साली. मधे २०१३ला एक मसुदा आला होता, त्याला शेतकऱ्यांनी आणि शहरातल्या लोकांनी एवढा विरोध केला की तो बाजूला ठेवून काम नव्याने करावं लागलं, त्यामुळे "हरकतींनी काय होतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. कायद्याने आराखड्याची उजळणी २० वर्षांत एकदा तरी व्हायला हवी. म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला हा प्रसंग आयुष्यात दोन-तीनदाच येणार.

पण कलम ३७ खालचा फेरबदल कधीही येऊ शकतो. एखाद्या ग्राउंडचं आरक्षण बदलणं, रस्त्याची आखणी सरकवणं, शेती झोनमधली जमीन रहिवासी करणं, हे सगळं यातून होतं. सरकारी भाषेत याला "किरकोळ फेरबदल" म्हणतात, त्या किरकोळ शब्दावर जाऊ नका, शहराच्या मानाने किरकोळ असला तरी तुमच्या गल्लीचं सगळं त्यात जाऊ शकतं. याला हरकत घ्यायला नोटीशीपासून एक महिना मिळतो.

तिसरी गोष्ट टीपी स्कीम (नगररचना योजना), म्हणजे मखमलाबाद-हनुमानवाडीकडे जी आली होती तशी, तिथे मुद्दा मुख्यतः जमीनमालकांचा असतो, किती जमीन जाणार आणि बदल्यात कुठला प्लॉट मिळणार हा. त्यात मी खोलात जात नाही. आणि झाडं तोडायची असतील तर त्याची नोटीस वेगळ्या कायद्याखाली निघते आणि मुदत फक्त ७ दिवसांची असते. तपोवनातल्या झाडांसाठी २०२५च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी ढिगाने हरकती दिल्या त्या याच नोटीशीवर. डीपीवर दिलेली हरकत तिथे चालत नाही आणि तिथली इथे नाही.

मूळ नोटीस मिळवा, फॉरवर्ड नको

नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापून येते, बऱ्याचदा आतल्या पानावर अगदी बारीक अक्षरात. देशदूत, गांवकरी, सकाळ, लोकमत, ज्यांच्या घरी जो पेपर येतो त्यांनी जाहीर नोटीशींचं पान रोज बघायचं, आम्ही आता हे चार घरांत वाटून घेतलंय. नोटीस सापडली की तारखेसकट अख्ख्या पानाचा फोटो काढा. त्यातून चार गोष्टी टिपून ठेवायच्या: कलम कुठलं, सर्व्हे नंबर किंवा आरक्षण क्रमांक कुठला, हरकत द्यायची कुणाकडे, आणि शेवटची तारीख. कुणाकडे द्यायची ही ओळ दोनदा वाचा, कारण काही नोटीशींत ते मनपा आयुक्त असतात आणि काहींत नगररचनाचे सहसंचालक, आणि चुकीच्या टेबलावर गेलेला कागद मुदतीत योग्य टेबलावर येईल याची खात्री कुणीच देत नाही.

नकाशात स्वतःचं घर शोधा

नुसतं "राणेनगरच्या मागे" म्हणून नकाशात काही सापडत नाही. घरातलं खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढा, त्यात सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर असतो, गावठाणातले असाल तर प्रॉपर्टी कार्डावर सिटी सर्व्हे नंबर. तो घेऊन शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात नगररचना विभागात जायचं, मुदत चालू असताना नकाशा तिथे लोकांना बघायला ठेवलेला असतो. तुमच्या भागाचा भाग नकाशा आणि झोन दाखला फी भरून अर्ज करून घ्या, नंतर बोलताना तोच तुमचा आधार.

इथे बरेच जण एक चूक करतात, फक्त प्रस्तावित नकाशा बघतात. त्याच्या आधी एक विद्यमान भूवापर नकाशा केलेला असतो, म्हणजे आज जागेवर काय आहे त्याचा. प्रस्ताव त्याच्यावर बेतलेला असतो, त्यामुळे विद्यमान नकाशात जर तुमचा नाला दाखवलेलाच नसेल किंवा चालू शाळेच्या जागी मोकळी जमीन दाखवली असेल तर पुढचं सगळं चुकणारच, आणि अशी चूक दाखवून देणं हा सगळ्यात बळकट मुद्दा ठरतो कारण त्यात मताचा प्रश्न येत नाही.

रस्त्याची रुंदीसुद्धा बघा. ९ मीटरचा रस्ता १२ मीटरचा दाखवला की फक्त तुमची कंपाउंड वॉल जात नाही, तर त्या रस्त्यावर किती उंच आणि किती बांधकाम करता येईल तेही बदलतं, कारण २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) आणि टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो.

आता नकाशा घेऊन जागेवर जा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण ऑफिसमधल्या माणसाकडे नसलेली एकच गोष्ट तुमच्याकडे असते, ती म्हणजे रोजचं बघणं.

आम्ही एका रविवारी सकाळी सहा-सात जण निघालो. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड काकांनी नायलॉनची दोरी आणली होती, दर मीटरला गाठ मारलेली आणि दर पाच मीटरला लाल चिंधी. नकाशात ९ मीटर असलेला रस्ता दोन विजेच्या खांबांमध्ये मोजला तर सहाच्या जरा पुढे भरला. नंतर नाल्यावर गेलो. नकाशात नाला पट्टीने ओढल्यासारखा सरळ होता, प्रत्यक्षात तो औदुंबराच्या मागून वळसा घेऊन दोन बिल्डिंगच्या मधून येतो आणि ज्या कोपऱ्यावर बांधकामाचा झोन टाकला होता बरोबर त्याच कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी तुंबतं. तिथल्या एका ताईंनी त्यांच्या भिंतीवरची खूण दाखवली, प्लास्टरवर विटकरी रंगाची आडवी रेघ, खिडकीच्या जरा खाली. "२०१९ची आहे, दोनदा रंग दिला तरी वर येते" म्हणाल्या. काकांनी तिथे दोरी लावली, जमिनीपासून एक मीटर आणि वर चार बोटं. त्या रेघेचा दोरीसकट फोटो आमच्या हरकतीला जोडला आणि सुनावणीत सगळ्यात जास्त वेळ त्या फोटोवरच बोलणं झालं.

तेव्हा फोटो काढताना शेजारी काहीतरी ओळखू येणारं हवं, मंदिर, शाळेची पाटी, खांब नंबर. नदीकाठचे असाल, म्हणजे गंगेवरचे (गोदावरीकाठचे), नासर्डीच्या किंवा वालदेवीच्या कडेचे, तर पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडून मागून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. आपण नाशिककर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजतो, २००८, २०१६, २०१९ सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण कागदावर ते मीटरमध्ये आणि तारखेसकट लिहावं लागतं.

हरकत लिहिताना

"आमचा तीव्र विरोध आहे", "बिल्डरच्या घशात जागा घालायचा डाव आहे" असलं काही लिहू नका. खरं असलं तरी त्यावर ऐकणाऱ्याला काही निर्णय देता येत नाही. एका अर्जात एकच विषय ठेवा, आणि क्रमांक, मुद्दा, पुरावा, मागणी या चार गोष्टी असू द्या. साधारण असं:

"प्रस्तावित फेरबदलातील सर्व्हे क्रमांक अमुक, आरक्षण क्रमांक अमुक, खेळाचे मैदान, हे आरक्षण वगळण्यास माझी हरकत आहे. या मैदानापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरात दुसरे सार्वजनिक मैदान नाही, सोबत नकाशा जोडला आहे. जागेच्या उत्तर बाजूस नैसर्गिक नाला असून तो विद्यमान भूवापर नकाशात चुकीचा दाखवला आहे, सोबत तारखेसह तीन फोटो आहेत. तरी आरक्षण कायम ठेवावे व नाल्याची आखणी प्रत्यक्ष मोजणी करून दुरुस्त करावी. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी."

एक पान पुरतं. शेवटचं सुनावणीचं वाक्य विसरू नका. आणि मागणी करताना समोरच्या जमीनमालकाचाही विचार करा, वर्षानुवर्षं आरक्षणात अडकलेली जमीन म्हणजे त्याचंही नुकसानच आहे, म्हणून "आरक्षण ठेवा आणि मालकाला मोबदला किंवा टीडीआर देऊन जागा ताब्यात घ्या" असं लिहिलं तर ते न्यायाचंही होतं आणि पटतंही.

सह्यांच्या मोहिमेबद्दल सांगतो. पहिल्या वेळी आम्ही एकच अर्ज केला आणि खाली दोनशेच्या वर सह्या घेतल्या, घरोघरी फिरून, पावसात. सुनावणीची नोटीस आली फक्त पहिल्या नावाला, आणि ते नेमके मुलाकडे पुण्याला गेलेले. बंद दाराच्या फटीतून टाकलेलं ते पाकीट त्यांना आठवड्याने सापडलं, सुनावणी तोवर होऊन गेली होती. म्हणून आता आम्ही प्रत्येक घराचा वेगळा अर्ज देतो, पत्ता आणि मोबाइलसकट. आणि एकच मजकूर झेरॉक्स करून वाटत नाही, कारण एकसारखे अर्ज एकत्र गठ्ठ्यात ऐकले जातात. मुद्दे समान असू द्या पण प्रत्येकाने आपल्या दारासमोरचं लिहावं, शाळेच्या रिक्षा कुठे अडतात, ॲम्ब्युलन्स कुठवर येते, आजी-आजोबा संध्याकाळी कुठे बसतात.

देताना

दोन प्रती न्यायच्या, आवक विभागात एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" म्हणाले तर तिथेच थांबा, नम्रपणे पण थांबा. शेवटच्या दिवशी रांग लागते म्हणून दोन-तीन दिवस आधी जा. ईमेल फक्त नोटीशीत दिला असेल तरच, आणि तरीही कागद द्याच.

सुनावणीत

पूर्ण आराखड्याच्या हरकती नियोजन समिती ऐकते, त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तुम्हाला मिळतात काही मिनिटं, बाहेर बाकावर मात्र दोन तास जातात. आत गेल्यावर इतिहास सांगत बसू नका. आमच्यातले एक जण सुरुवातीलाच १९८५ पासून सांगायला लागले तेव्हा सुनावणी घेणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमची नेमकी मागणी काय आहे तेवढं सांगा." तेव्हा आधी आवक क्रमांक, मग जागा नकाशावर बोट ठेवून, मग मागणी. भाग नकाशावर हायलायटरने रंगवून न्या. जे बोललात ते लेखी निवेदन म्हणून तिथेच द्या आणि त्याचीही पोच घ्या. ग्रुपने गेलात तर एकेकाने एकेक मुद्दा उचलायचा, पाच जणांनी तोच पूर सांगण्यात अर्थ नाही.

सुनावणी झाली म्हणजे काम संपलं नाही

समितीचा अहवाल, मग राज्य सरकारकडे, मग कलम ३१ खाली मंजुरी. सरकारला त्यात मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर परत नोटीस निघते, याला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. आपण सुनावणी जिंकून निवांत बसतो आणि तीच जागा ईपीत वेगळ्या रूपाने परत येऊ शकते, म्हणून पेपरचं ते पान तेव्हाही बघत राहायचं. तुमच्या हरकतीवर काय शिफारस झाली ते माहिती अधिकारात विचारता येतं, अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि नाशिककरांनी आत्ता लगेच करायची एक गोष्ट. कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. २०१७च्या आराखड्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांची १० वर्षं २०२७ मध्ये भरतात. आपल्या भागातलं ग्राउंड, उद्यान, शाळेची जागा, दवाखाना, ज्यांचा आरक्षण क्रमांक माहीत आहे त्या प्रत्येकासाठी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाका: या आरक्षणाच्या संपादनाची सद्यस्थिती काय, मालकाकडून कलम १२७ची नोटीस आली आहे का आणि आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि संपादनासाठी चालू वर्षाच्या बजेटमध्ये तरतूद आहे का. आमच्या मैदानाचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला, पोच काकांच्या फाइलमध्ये लावली आहे, त्याच दोरीच्या शेजारी.