पीसी सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

पीसी हँग व्हायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो, फॉरमॅट मार. कधीकधी फरक पडतोही, पण दोष हार्डवेअरमधे असेल तर अर्धा दिवस घालवून विंडोज टाकायची आणि संध्याकाळी परत तेच. त्यापेक्षा हँग नेमका कसा होतोय ते आधी बघा.

पुढच्या वेळी अडकला की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. कॅप्स लॉक दाबा आणि कीबोर्डवरचा दिवा बघा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे मशीन आतून जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅम, डिस्क नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) अडकलाय. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन कधीकधी सगळं परत चालू होतं. दिवा ढिम्म हलत नसेल, माऊसही गोठलेला आणि स्पीकरमधून एकच आवाज घर्रर्र येतोय, तर अख्खी सिस्टीम थांबलीये, मग संशय रॅम, तापमान, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरवर.

जिवंत असेल तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर ब्राउझरचे टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा, विषय संपला. पण डिस्क १०० टक्के दाखवतेय आणि खाली रीड-राइटचा स्पीड मात्र अगदी किरकोळ, तर डिस्क आजारी असायची शक्यता बरीच आहे आणि इथे घाई करायची ती फक्त बॅकअपची! आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, मगच बाकीचं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) पण नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते तासन् तास घासत बसतं आणि उरलंसुरलं पण जाऊ शकतं. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत दाखवतं, त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची, उगाच दुरुस्तीच्या मागे लागायचं नाही. सीआरसी एरर (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असतील तर मात्र बहुतेक वेळा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असते, डिस्क चांगली असते, तेव्हा आधी केबल बदला.

इव्हेंट व्ह्यूअरमधे (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता परत सुरू झालं. ते तर तुम्हीच बटण दाबून केलंय! त्याच्या आधीच्या ओळी वाचा, डिस्कचा इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्प्लेचा ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून सावरला.

गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करतानाच हँग होत असेल तर एचडब्ल्यू इन्फो हे सॉफ्टवेअर लावून तापमान बघा. प्रोसेसर ९५-१०० डिग्रीला चिकटलेला असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा, धूळ उडवा, उडवताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला लेप) वाळून खडखडीत झाली असेल तर नवी लावा.

रॅमसाठी सोपा मार्ग म्हणजे दोन स्टिक असतील तर एक काढून एकदोन दिवस वापरा, मग दुसरी. बायोसमधे (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवणारं सेटिंग, चालू असेल तर बंद करून बघा, बरेचदा रॅम चांगली असते, फक्त त्या स्पीडला टिकत नाही. पक्कं करायचं तर मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, एक जरी एरर आली तरी स्टिक, स्लॉट नाहीतर सेटिंग गंडलंय. आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदला, सगळं एकदम केलं की कशाने सुटलं ते कळणारच नाही.

सेफ मोडमधे (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरवर सुरू केलेली विंडोज) तासन् तास नीट चालतोय? मग ड्रायव्हर किंवा स्टार्टअपचं सॉफ्टवेअर, हल्लीच काय टाकलं ते काढा. उलट बायोसच्या स्क्रीनवर नुसता ठेवला तरी गोठतोय, तर विंडोजचा काही संबंध नाही, दुसरा एसएमपीएस लावून बघा, तरीही तेच झालं आणि रॅम आधीच तपासलेली असेल तर मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर (छोटे नळकांड्यासारखे भाग) आहेत का बघून तो रिपेअरला द्या.