आलिशान हॉटेलात अनामतीसाठी कोणते कार्ड द्यावे?

व्हिएन्नाच्या ऑपेरागृहामागे १८७६ पासून चालत आलेल्या हॉटेल झाखरसारख्या ठिकाणी मुक्काम ठरवला असेल, तर खोलीभाड्याइतकाच विचार अनामतीचा करावा. अशा हॉटेलांत खोलीचा ताबा देताना बहुधा कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, आणि ते कार्ड फॉरेक्स (आधीच परकीय चलन भरून ठेवलेले) किंवा डेबिट असेल तर प्रवासखर्चाचेच पैसे, हॉटेल सोडल्यावरही कित्येक दिवस, हाती येत नाहीत.

१. किती रक्कम अडकवणार, हे आरक्षणानंतर ईमेल करून विचारून घ्यावे.

२. अनामतीसाठी क्रेडिट कार्डच द्यावे. त्यावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करावेत. परक्या शहरात ओटीपीची वाट पाहत उभे राहणे फार क्लेशदायक असते.

३. अंतिम बिल फॉरेक्स कार्डाने युरोत भरावे आणि अडकवलेली रक्कम मोकळी करण्यास तेथेच सांगावे.

क्रेडिट कार्डाने बिल भरायचे झाल्यास यंत्र ‘रुपये की युरो’ असे विचारू शकते. तेव्हा युरोच निवडावा, कारण रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला तरी त्यातील विनिमयदर बहुतेक वेळा महाग पडतो. पावतीवरील चलन पाहिल्याशिवाय सही मात्र करू नये.